विद्यापीठांतील संगणक-कारभार आणि त्याची तपासणी : एक ऐतिहासिक मागोवा

वाचकहो, इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत लेख लिहावयाचा म्हटले की एखादा किल्ला, एखादी लढाई किंवा एखादा सुलतान यांची कथा वाचावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. यंदा मी थोडी वेगळी वाट धरली आहे. ज्या विषयावर लिहीत आहे त्याचे वय जेमतेम सत्तर वर्षांचे आहे. पण आपल्या मुलामुलींचे गुण, त्यांची प्रमाणपत्रे, त्यांची फी आणि शिष्यवृत्ती हे सारे आज ज्या यंत्राच्या पोटात जाऊन बसले आहे, त्या यंत्राचा कारभार कोण पाहतो आणि त्या पाहणाऱ्यावर कोण लक्ष ठेवतो, हा प्रश्न शिक्षणसंस्था चालविणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून हा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

विषय नवा असला तरी त्यामागचे तत्त्व जुने आहे. दप्तर, हिशेब, जमाखर्च, ताळेबंद हे शब्द मराठीत शतकानुशतके रुळलेले आहेत. शिवकालीन राज्यव्यवस्था शिकविताना आम्ही मुलांना सांगतो की, किल्ल्याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती नसे. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदी सरनोबताकडे आणि लिखापढी सबनिसाकडे. राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवण्यासाठी अष्टप्रधानांत स्वतंत्र अमात्य, म्हणजेच मुजुमदार होता. यातील मर्म असे की, वस्तू ज्याच्या ताब्यात, लिहिणारा तो नसावा. आणि जो लिहितो त्याचे लिहिलेले दुसऱ्याने तपासावे. सगळे अधिकार एका हाती आले की चूक झाली तरी ती कळत नाही आणि लबाडी झाली तरी ती दिसत नाही. आधुनिक लेखापरीक्षणाचा, ज्याला आपण सर्रास ऑडिट म्हणतो त्याचा, पायाही हाच आहे.

आता संगणकाकडे वळू. व्यापारी हिशेबासाठी संगणक वापरण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ साली केला. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० च्या सुमारास चालू झाला व त्याला पुढे 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. १९६३ साली कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आय.बी.एम. १६२० हा संगणक आला आणि तेथे विद्यार्थी प्रत्यक्ष यंत्रावर काम शिकू लागले. त्या काळी संगणक ही गणिताच्या व विज्ञानाच्या लोकांची वस्तू होती. परीक्षा विभाग, फी विभाग, वसतिगृह यांचे व्यवहार जाड रजिस्टरांतच चालत. रजिस्टरात खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसते. शाई वेगळी दिसते, अक्षर वेगळे दिसते, पान फाडले तर क्रमांक तुटतो. संगणकात आकडा बदलला तर जुना आकडा कोठे गेला याचा मागमूसही राहत नाही. तो मागमूस ठेवण्याची सोय मुद्दाम केली असेल तरच राहतो. हिशेब तपासणाऱ्यांच्या पुढे हा प्रश्न अगदी नवीन होता.

या प्रश्नाची जाणीव झालेल्या काही अमेरिकन तपासनिसांनी १९६९ साली संगणकीय हिशेबांच्या लेखापरीक्षकांची एक संघटना स्थापन केली. आज ती 'इसाका' या नावाने ओळखली जाते. त्यांची भीती अनाठायी नव्हती हे चारच वर्षांत सिद्ध झाले. १९७३ साली इक्विटी फंडिंग या अमेरिकन कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. कंपनीच्या दप्तरी असलेल्या सुमारे ९७ हजार विमापत्रांपैकी ६४ हजारांच्या आसपास विमापत्रे निव्वळ बनावट होती. ती माणसे अस्तित्वातच नव्हती. संगणकात मात्र त्यांची नोंद व्यवस्थित होती. तपासनिसांनी एखादी फाईल मागितली की कंपनीचे लोक बसून ती तयार करीत आणि दुसऱ्या दिवशी पुढे ठेवीत. शेवटी नोकरीवरून कमी केलेल्या एका माणसाने तोंड उघडले तेव्हा हे बिंग फुटले. संगणकातून छापून आलेला कागद खरा मानण्याची सवय किती महाग पडू शकते, हे त्या दिवशी जगाला कळले.

त्यानंतर या शास्त्राची वाढ झपाट्याने झाली. १९९६ साली 'कोबिट' नावाची नियमावली प्रसिद्ध झाली. जगभरच्या शासकीय लेखापरीक्षकांच्या संघटनेने १९८९ साली संगणक-तपासणीसाठी एक खास गट नेमला व त्याचे अध्यक्षपद भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी भूषविले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. ऑस्ट्रेलियाने २००५ साली संस्थांच्या माहिती-तंत्रज्ञान कारभाराचे एक मानक केले आणि त्याच्या आधारे २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्या पहिल्या आवृत्तीत सहा तत्त्वे सांगितली होती : जबाबदारी, धोरण, खरेदी, कामगिरी, नियमपालन आणि माणसाचे वर्तन. येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. यंत्र नीट चालते की नाही हे पाहणे तंत्रज्ञाचे काम. यंत्र कशासाठी घ्यावयाचे, त्याला कोण जबाबदार, बिघडले तर काय करावयाचे आणि हे सारे ठरल्याप्रमाणे होते आहे काय, हे पाहणे कारभारी मंडळाचे काम. या दुसऱ्या कामाची तपासणी म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या कारभाराचे लेखापरीक्षण होय.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता तीन विद्यापीठांच्या कथा सांगतो. तिन्ही घडलेल्या आहेत आणि तिन्हींतून शिकण्यासारखे आहे.

पहिली कथा इंग्लंडमधील केंब्रिजची. सातशे वर्षांहून जुने हे विद्यापीठ. न्यूटन तेथे शिकला, आपले रामानुजन तेथे गेले. १ ऑगस्ट २००० रोजी, नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्याच दिवशी, केंब्रिजने 'कॅप्सा' नावाची नवी संगणकीय हिशेबपद्धती सुरू केली. प्रत्येक विभागाने किती खर्च केला आणि किती खर्चाची हमी देऊन ठेवली हे एका ठिकाणी कळावे, असा तिचा उद्देश. हेतू चांगला होता. पण पद्धती सुरू होताच विभागांचे काम अडू लागले. यंत्र संथ चाले, बिले चुकती करता येईनात, संशोधनासाठी मिळालेल्या पैशातून किती शिल्लक आहे हे प्राध्यापकांना कळेना. कारकून मंडळींना पुरेसे शिक्षण मिळालेले नव्हते आणि त्यांच्यावर असह्य ताण आला. जुनी पद्धती बंद केलेली असल्याने मागे फिरण्याची वाटही उरली नव्हती. खर्च मात्र जवळजवळ एक कोटी पौंडांच्या घरात गेला.

एवढे झाल्यावर विद्यापीठाने काय केले, हा माझ्या मते या कथेचा खरा भाग आहे. विद्यापीठाच्या लेखापरीक्षण समितीने व छाननी मंडळाने मिळून दोन बाहेरच्या जाणकारांना पाचारण केले. संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँथनी फिंकेलस्टाइन यांनी तांत्रिक बाजू तपासली, तर विद्यापीठ-प्रशासनाचे अभ्यासक मायकेल शॅटॉक यांनी कारभाराची बाजू तपासली. त्यांचे अहवाल नोव्हेंबर २००१ मध्ये विद्यापीठाच्या अधिकृत पत्रिकेत छापून सर्वांसमोर ठेवण्यात आले. आपल्याला नेमके काय हवे हे आधी नीट लिहून काढलेले नव्हते, पुरेशी चाचणी घेतलेली नव्हती, तयारी नसतानाही ठरलेली तारीख पाळण्याचा अट्टहास झाला, हे त्यांत स्पष्ट म्हटले होते. पण शॅटॉक यांचा रोख त्याहून वर होता. दोष संगणकाच्या खोलीत जितका होता त्याहून अधिक तो समित्यांच्या खोलीत होता. समित्या अनेक, वरिष्ठ अधिकारी अनेक, आणि 'हे काम माझे, याचा जाब मी देईन' असे म्हणणारा एकही नाही. प्रत्येकाला वाटे की दुसरा कोणीतरी पाहत असेल.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. प्रत्येकाला वाटे की दुसरा कोणीतरी पाहत असेल. आपल्या किती संस्थांची कथा या एका वाक्यात येते!

दुसरी कथा आपल्या घरची. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. कोकणापासून ठाण्यापर्यंत कितीतरी पिढ्यांनी त्याची पदवी अभिमानाने मिरविली. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासाव्यात असा निर्णय विद्यापीठाने घेतला. उत्तरपत्रिका स्कॅन करावयाच्या, त्यांवरील संकेतामुळे विद्यार्थ्याचे नाव झाकलेले राहील, प्राध्यापक पडद्यावर गुण देतील आणि बेरीज यंत्रच करील. उत्तरपत्रिकांतील गैरप्रकार थांबतील आणि निकाल लवकर लागतील ही अपेक्षा. याही ठिकाणी हेतूला नावे ठेवण्यासारखे काही नव्हते.

मात्र उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांच्या वर आणि परीक्षा होत्या ४७७. परीक्षा सुरू झाल्यानंतर कुठे बाहेरच्या कंपनीला दिलेले कंत्राट पक्के झाले. एखाद्या लहान शाखेवर आधी प्रयोग करून पाहावा, मग पुढे जावे, एवढी सवड ठेवलीच नव्हती. प्राध्यापकांना पडद्यावर तपासण्याचा सराव नव्हता. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागावयास हवे. जुलै उजाडला तरी बहुसंख्य निकालांचा पत्ता नव्हता. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. महाविद्यालयांचे तास काही दिवस बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसविले. नागपूरसारख्या इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घेतली. तरीही मुदत टळली आणि निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. कोणाची उत्तरपत्रिका सापडेना, परीक्षेला बसलेला कोणी गैरहजर ठरला. ज्यांच्या उत्तरपत्रिका शेवटपर्यंत सापडल्या नाहीत त्यांना सरासरीने गुण देण्याची वेळ आली. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाचे दिवस निघून चालले, न्यायालयात अर्ज गेले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असा प्रसंग पहिल्यानेच आला.

यात एक विलक्षण योगायोग आहे, तो इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा नवा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यात प्रत्येक विद्यापीठासाठी एक स्वतंत्र माहिती-तंत्रज्ञान मंडळ सांगितले आहे. अभ्यास, हिशेब व प्रशासन यांसाठी लागणारे तंत्रज्ञान निवडणे, बसविणे आणि वापरणे यांवर जाणकारीने देखरेख व्हावी, यासाठीच ते मंडळ. म्हणजे रोगाचे निदान कायद्याने आधीच केले होते, औषधही लिहून दिले होते. आणि त्याच उन्हाळ्यात रोग बळावला. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मंडळ कायद्यात असणे वेगळे आणि निर्णयाच्या वेळी त्या मंडळाच्या टेबलावर प्रश्न येणे वेगळे. खरा तपासनीस मंडळाची नावे पाहून समाधान मानीत नाही. तो सभेची इतिवृत्ते मागतो. 'एवढ्या मोठ्या निर्णयाची चर्चा कोणत्या तारखेच्या सभेत झाली? विरोधात कोण बोलले? चाचणीचा अहवाल सभेपुढे होता काय?' असे तो विचारतो.

तिसरी कथा नेदरलँड्सची. तेथील मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये एका फसव्या ई-मेलमधील दुव्यावर कोणीतरी टिचकी मारली. चोर आत शिरले. दोन महिने ते निमूटपणे आतल्या वाटा धुंडाळीत राहिले आणि २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हरवरील माहितीला कुलूप लावले. हे कुलूप उघडण्यासाठी त्यांनी खंडणी मागितली. काही राखीव प्रतीही त्याच जाळ्याला जोडलेल्या असल्यामुळे त्यांनाही कुलूप लागले होते. परीक्षा तोंडावर आलेल्या, संशोधनाचे काम अडलेले. अखेर विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो मोजले. खंडणी द्यावी की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण पुढे विद्यापीठाने जे केले त्याबद्दल दुमत होऊ नये. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपास करविला आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर परिषद भरवून आपल्या चुका इतर संस्थांना सांगितल्या. दुसऱ्यांनी सावध व्हावे हा हेतू. पुढे पोलिसांनी चोरांच्या खात्यातून खंडणीचा काही भाग जप्त केला. २०२२ मध्ये तो परत मिळू लागला तेव्हा बिटकॉइनचा भाव चढल्यामुळे त्याची किंमत सुमारे पाच लाख युरो झाली होती. ती रक्कम अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी वापरण्याचे विद्यापीठाने ठरविले. नशिबाने साथ दिली हे खरे; पण नशिबावर विसंबून कारभार करता येत नाही हेही तितकेच खरे.

या तीन कथांत काळ वेगळा, देश वेगळा, बिघाडाचा प्रकारही वेगळा. केंब्रिजमध्ये हिशेब बिघडले, मुंबईत निकाल बिघडले, मास्ट्रिख्टमध्ये चोरी झाली. तरी मूळ एकच. बिघाड होण्यापूर्वी विचारावयास हवे होते ते प्रश्न कोणी वेळेवर विचारले नाहीत. मग ते प्रश्न कोणते? आंतरराष्ट्रीय मानकातील त्या सहा तत्त्वांचा आधार घेऊन, आपल्या साध्या भाषेत ते असे मांडता येतील.

पहिला प्रश्न जबाबदारीचा. संस्थेतील गुणांच्या, फीच्या, पगाराच्या संगणकीय नोंदींना नावानिशी जबाबदार कोण? 'ऑपरेटर पाहतो' हे उत्तर नव्हे. ऑपरेटर नोंद करतो. जबाबदारी प्राचार्य, कुलसचिव किंवा कार्यकारी मंडळ यांची असते आणि ती लिहून ठेवलेली असावी लागते.

दुसरा प्रश्न धोरणाचा. हे यंत्र, ही प्रणाली आपण का घेत आहोत? शेजारच्या महाविद्यालयाने घेतली म्हणून, की आपली एखादी अडचण सुटते म्हणून? ती अडचण आधी कागदावर मांडली काय? केंब्रिजची चूक नेमकी येथेच होती.

तिसरा प्रश्न खरेदीचा. कंत्राट देताना आपल्या विद्यार्थ्यांची माहिती कोणाच्या मालकीची राहील? उद्या कंपनीने दुकान गुंडाळले किंवा आपणच तिला रजा दिली, तर ती माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळण्याची अट कंत्राटात आहे काय?

चौथा प्रश्न कामगिरीचा. नवी पद्धती चालू करण्यापूर्वी लहान प्रमाणावर चाचणी घेतली काय? राखीव प्रत रोज ठेवतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती प्रत मुख्य यंत्रापासून वेगळी ठेवली आहे काय, आणि तिच्यावरून सारी माहिती पुन्हा उभी करून पाहिली आहे काय, असे विचारले की बहुतेकांचे चेहरे बदलतात.

पाचवा प्रश्न नियमपालनाचा. माहिती-तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ७-क आले. जेथे जेथे कायद्याने कागदपत्रांचे लेखापरीक्षण सांगितले आहे, तेथे ते संगणकातील दप्तरालाही लागू आहे, असे ते कलम सांगते. म्हणजे 'ते संगणकात आहे, ऑडिटमध्ये येत नाही' ही पळवाट बंद झाली. शिवाय २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. विद्यार्थ्याचा पत्ता, मोबाईल क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचे खाते ही त्याची माहिती आहे. संस्था तिची राखणदार आहे.

सहावा प्रश्न माणसांचा. ज्या कारकुनाने व ज्या शिक्षकाने हे यंत्र वापरावयाचे त्याला शिकविले काय? त्याची तक्रार ऐकून घेतली काय? यंत्राचा खर्च अंदाजपत्रकात सविस्तर असतो. माणसाच्या शिक्षणाची ओळ बहुधा कोरी असते.

कोणी विचारील, हे सारे तपासावयाचे कसे? त्यासाठी तपासनीस संगणकतज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. चिकाटी मात्र हवी. संगणकात प्रवेशाचा परवाना असलेल्या माणसांची यादी काढावी आणि ती हजेरीपटाशी ताडून पाहावी. निवृत्त झालेल्या, सोडून गेलेल्या माणसाचे नाव व परवलीचा शब्द चालू आढळला तर तेथेच पहिली फट सापडली. गुण कोणी, केव्हा व किती बदलले याची नोंद यंत्र आपोआप ठेवते काय, आणि ती नोंद पुसण्याचा अधिकार गुण बदलणाऱ्यालाच दिलेला नाही ना, हे पाहावे. मग कोणत्याही पंचवीस-तीस उत्तरपत्रिका उचलाव्यात आणि त्यांवरील गुण थेट गुणपत्रिकेपर्यंत पोहोचतात की नाही हे बोट ठेवून पाहावे. उलट दिशेनेही जावे, गुणपत्रिकेवरून उत्तरपत्रिकेकडे. दरवर्षी आपण डेड स्टॉक रजिस्टर घेऊन बाके, फळे आणि कपाटे मोजतो ना? तेच येथे करावयाचे आहे. फरक एवढाच की मोडके बाक डोळ्यांना दिसते, मोडलेली नोंद दिसत नाही.

आता एक स्वानुभव सांगतो. मी नोकरीस लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत वार्षिक परीक्षेचे गुण प्रथमच संगणकावर भरले गेले. यादी वर्णानुक्रमे लावताना नावांचा रकाना तेवढा हलला आणि गुणांचा रकाना जागच्या जागी राहिला. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेले. निकालपत्रके छापून झाली, सह्या झाल्या, शिक्के उठले. वर्गात नेहमी पुढे असणारी एक मुलगी दोन विषयांत नापास दिसली. तिचे वडील शाळेत आले, तेही हात जोडून. 'गुरुजी, पोरगी दोन दिवस जेवली नाही, पण संगणकाने दिले ते बरोबरच असणार,' असे म्हणाले. त्यांच्या त्या बोलण्याने आम्हा सर्वांच्या माना खाली गेल्या. शाळेतील एक वयस्कर सर अद्याप स्वतःच्या वहीत गुण लिहून ठेवीत. आम्ही तरुण शिक्षक त्यांना त्यावरून हसत असू. त्या वहीमुळे चूक उघडकीस आली आणि सारा निकाल पुन्हा तयार झाला. त्या दिवसापासून मी त्या वहीला हसत नाही. ती वही म्हणजे आमच्या शाळेची राखीव प्रत होती आणि ते सर म्हणजे आमचे एकमेव लेखापरीक्षक होते. पण एका माणसाच्या सवयीवर संस्था किती दिवस चालणार? सर निवृत्त झाल्यावर काय? म्हणून व्यवस्था हवी.

वाचकहो, या मुलीच्या वडिलांचे ते वाक्य मला आजही टोचते. आपल्या समाजातील कितीतरी घरांतून पहिलीच मुलगी, पहिलाच मुलगा महाविद्यालयाची पायरी चढत असतो. घरात विचारायला कोणी शिकलेले माणूस नसते. गुणपत्रिकेत चूक झाली तर अर्ज कोणाकडे करावा, पुनर्मूल्यांकनाची मुदत कधी, हे त्यांना कोण सांगणार? ज्याच्याकडे ओळख आहे, वेळ आहे, पैसा आहे, तो भांडून आपले गुण मिळवतो. ज्याच्याकडे यांतील काही नाही, तो संगणकाचा शब्द शेवटचा मानून घरी जातो आणि एखाद्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये कामाला लागतो. संगणकाच्या कारभारातील ढिलाईची किंमत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तोच मोजतो. म्हणून हा विषय तांत्रिक आहे असे म्हणून तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे आपल्याला परवडणारे नाही.

कोणी असा अर्थ काढू नये की मी संगणकाच्या विरोधात आहे. रजिस्टरांच्या काळातही गुण बदलले जात, फीचे पैसे गहाळ होत आणि उत्तरपत्रिका उंदीर खात. यंत्राने काम जलद होते, खेड्यातल्या मुलाला दाखल्यासाठी मुंबईची खेप घालावी लागत नाही, हा लाभ मोठा आहे. तो टिकवावयाचा असेल तर तपासणी हवी. केंब्रिजने आपला दोष आपल्याच पत्रिकेत छापला, मास्ट्रिख्टने आपली चूक जाहीर सभेत सांगितली. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा गेली नाही. आपल्याकडे मात्र चूक झाकणे म्हणजे संस्थेची अब्रू राखणे अशी समजूत घट्ट आहे. इतिहास तरी असे सांगत नाही. झाकलेली चूक पुढच्या वर्षी दुप्पट होऊन भेटते.

आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचे पत्रक वाचले जाते, लेखापरीक्षकांची नेमणूक होते, टाळ्या होतात आणि चहापान होते. त्या कार्यक्रमपत्रिकेत यापुढे आणखी एक कलम असावे, एवढीच माझी नम्र सूचना आहे : संगणकीय दप्तराची वार्षिक तपासणी व तिचा अहवाल. तपासणारा माणूस ते दप्तर चालविणाऱ्यांपैकी नसावा, आणि अहवाल कपाटात न राहता सभासदांपुढे वाचला जावा. पालक आपले मूल आपल्या हवाली करतात तेव्हा त्याचे भविष्य आपल्याकडे अमानत म्हणून ठेवतात. पूर्वी ती अमानत लोखंडी कपाटात असे, आता ती संगणकात आहे. जागा बदलली म्हणून राखणदाराची जबाबदारी तसूभरही कमी झालेली नाही.